पंधरा सेकंदांची साक्ष

मंडळी, आजचा विषय जरा समुद्रावरचा आहे. जुने विद्यार्थी, वाचलेली पुस्तकं आणि घरातल्या गमतीजमती वाचायला इथे येणाऱ्या नातेवाइकांना वाटेल, "बाईंना आता होड्यांचं काय वेड लागलं?" वाटू दे. शिडाच्या होड्यांचे वेगाचे विक्रम आणि त्यांची आकाशातून घेतलेली चित्रणं बघणं हा माझा सध्याचा नाद आहे. ती बघता बघता माझं एक मत पक्कं झालंय, ते आधीच सांगून टाकते. विक्रमाचं आकाशातून केलेलं चित्रण ही साक्ष असते, आणि साक्षीदाराला जे नियम लागू होतात तेच त्या कॅमेऱ्यालाही लागू व्हायला हवेत. साक्षीदाराने सगळं सांगावं, मधलं गाळू नये, आणि स्वतः घटनेत लुडबूड करू नये. आज बहुतेक चित्रणं या तिन्ही बाबतींत नापास होतात.

आता मुळापासून सांगते.

२४ नोव्हेंबर २०१२ रोजी आफ्रिकेतल्या नामिबिया देशात, वॉल्विस बे इथे, पॉल लार्सन नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने 'वेस्टास सेलरॉकेट २' ही शिडाची होडी ५०० मीटर अंतरावर सरासरी ६५.४५ नॉट वेगाने नेली. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, आणि सागरी मैल १,८५२ मीटरचा. (अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग साधारण एवढा भरतो. भूगोलाच्या तासाला हे सांगताना मला फार आनंद व्हायचा, मुलांना होत असे की नाही ते माहीत नाही!) म्हणजे ताशी १२१ किलोमीटर झाले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीने एवढा वेग घेतला तर दंडाची पावती घरी येईल. इथे इंजिन नाही, पेट्रोल नाही, फक्त वारा. आणि गंमत म्हणजे होडीचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या दुपटीहून जास्त होता.

आता गणित करा. या वेगाने ५०० मीटर जायला किती वेळ लागतो? पंधरा सेकंदसुद्धा नाही, त्याहून किंचित कमीच. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत कापले, तेच अंतर ही होडी तीन सेकंदांत कापते. लार्सन आणि त्याच्या मंडळींनी या कामाला सुमारे दहा वर्षं दिली होती. दहा वर्षांचा ऐवज पंधरा सेकंदांत! म्हणून ते पंधरा सेकंद कसे टिपले जातात याला महत्त्व आहे.

कुणी म्हणेल, टिपायचं कशाला? विक्रम तर मोजून ठरतो. बरोबर आहे. वेगाच्या शिडविक्रमांची नोंद ठेवणारी एक आंतरराष्ट्रीय परिषद आहे. तिला चित्रातली शोभा नको असते. तिला मोजमाप लागतं, आणि तिचा माणूस जागेवर हजर असावा लागतो. कागदावर ६५.४५ हा आकडा येतो आणि विक्रम पक्का होतो. पण आम्ही मास्तरलोक गणिताच्या पेपरात काय सांगत असू? "नुसतं उत्तर लिहू नका, रीत दाखवा." उत्तराला एक गुण, पायऱ्यांना चार. परिषदेने उत्तर तपासलं. पायऱ्या आपल्याला दाखवायच्या तर चित्रणाशिवाय दुसरी सोय नाही.

आणि या होडीच्या पायऱ्या वरूनच दिसतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. काठावरून बघितलं तर ही होडी म्हणजे कोळिष्टकासारखं काहीतरी वेडंवाकडं दिसतं. एका बाजूला विमानाच्या पंखासारखं ताठ शीड, तेही तिरकं झुकलेलं. त्याच्यापासून लांब, दुसऱ्या बाजूला माणूस बसायची निमुळती खोली. तिच्याखाली पाण्यात घुसलेलं एक वाकडं पातं. वरून बघितलं की कोडं सुटतं. होडीचं अंग एकीकडे तोंड करून असतं आणि ती जात असते भलतीकडेच, तिरकी, खेकड्यासारखी. वारा शिडाला बाजूला ढकलतो, पाण्यातलं पातं तेवढ्याच जोराने होडीला उलट बाजूला धरून ठेवतं, आणि या दोन जोरांच्या चिमटीतून होडी पुढे सटकते. ओला साबण मुठीत दाबला की कसा सुळकन निसटतो, तसं. साध्या होडीत वाऱ्याचा जोर वाढला की ती कलते आणि उलटायला बघते. इथे शीड आणि पातं असं समोरासमोर बसवलंय की कलवणारा जोर उरतच नाही. ही मूळ कल्पना बर्नार्ड स्मिथ या अमेरिकन माणसाने १९६० च्या दशकात मांडली होती. मी बी. ए. मराठीची. मला हे शब्दांत वाचून अर्धं कळलं आणि वरून बघून पुरतं कळलं.

तेव्हा आकाशातून चित्रण हवंच. प्रश्न आहे तो कसं हवं याचा.

पहिली अडचण म्हणजे उंचीवरून वेग हरवतो. एस.टी.च्या खिडकीत बसून आपण सगळ्यांनी हे पाहिलंय. रस्त्याकडेची झाडं झपाझप मागे पळतात, आणि लांबचा डोंगर मात्र बराच वेळ आपल्या सोबतीने चालत राहतो. आकाशातलं विमान ताशी आठशे किलोमीटरने जातं, पण आपल्याला ते मुंगीसारखं सरकताना दिसतं. कॅमेरा उंच आणि लांब गेला की ताशी १२१ किलोमीटरची होडीही तशीच दिसते. त्यातून खाली समुद्र. त्यावर ना झाड, ना मैलाचा दगड. कशाच्या मानाने वेग समजायचा?

मग चित्रण करणाऱ्याला साहजिकच मोह होतो, की खाली जावं, जवळ जावं. पाणी झरझर मागे पळताना दिसलं की बघणाऱ्याचा श्वास अडकतो. पण जवळ जाण्याची किंमत होडीला द्यावी लागते. हेलिकॉप्टर हवेत टिकतं ते हवा खाली ढकलूनच. पाण्याजवळ ही ढकललेली हवा चहूकडे पसरते. वाऱ्यावरच चालणाऱ्या होडीच्या आसपास असा कृत्रिम वारा सोडणं म्हणजे परीक्षेला बसलेल्या मुलाच्या बाकाशी उभं राहून पंखा फिरवणं. मदत झाली तर विक्रम खोटा, अडथळा झाला तर जिवाशी खेळ. पंधरा सेकंदांच्या धावेत वाऱ्याची एक चुकीची झुळूक पुरेशी असते.

शिवाय तिथे दुसरंही कुणी राहतं. वॉल्विस बेची पाणथळ जागा १९९५ पासून रामसरच्या यादीत आहे. म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. आपल्या ठाण्याच्या खाडीला २०२२ साली तो मान मिळाला आणि तिथेही दिसतात ते रोहित पक्षीच, फ्लेमिंगो. हजारोंच्या थव्यावरून घरघर करत खालून यंत्र गेलं तर काय होतं हे सांगायला पक्षितज्ज्ञ लागत नाही. दाणे टिपणाऱ्या कबुतरांमध्ये पोराने धावत जावं, तसं होतं. आपल्याला चित्र मिळतं, त्यांचं खाणं मोडतं.

"पण बाई, आता ड्रोन आहेत की!" असं तुमच्यातली तरुण मंडळी म्हणतील. आहेत खरे. योगायोग बघा, लार्सनचा विक्रम नोव्हेंबर २०१२ चा आणि ड्रोन सर्वसामान्यांच्या हाती देणारा डीजेआय कंपनीचा पहिला 'फँटम' बाजारात आला जानेवारी २०१३ मध्ये. अवघ्या दोन महिन्यांनी! त्यालाही स्वतःचा कॅमेरा नव्हता, वेगळा घेऊन खाली टांगावा लागे. आज चित्र पालटलंय. हेलिकॉप्टरच्या मानाने ड्रोन स्वस्त, हलका, आणि वारा ढवळतो तोही कितीतरी कमी. पण इथेही आकडे बघावेत. चांगल्यापैकी कॅमेरा-ड्रोन वारा नसताना ताशी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर जातात. होडी जाणार १२० ने. विक्रमाला लागणारा वारा ताशी ४५-५० किलोमीटरचा, तो ड्रोनला झोडपणार. डोळ्यांवर चष्म्यासारखा पडदा लावून उडवायचे शर्यतीच्या जातीचे ड्रोन असतात. डीजेआयनेच २०२१ मध्ये ताशी १४० किलोमीटर जाणारा काढला. असा ड्रोन होडीला गाठू शकतो, पण त्याची बॅटरी मिनिटांत मोजायची, आणि चालवणाऱ्याची जराशी चूक झाली की तो वजनदार दगडासारखा होडीवर आदळणार. १२० च्या वेगात समोरून दगड येणं म्हणजे काय हे मोटारीची काच फुटलेल्या माणसाला विचारा.

तेव्हा यंत्र बदललं तरी पेच तोच राहतो. जवळ गेलं तर वेग दिसतो पण धोका वाढतो, आणि लांब राहिलं तर होडी निर्धास्त असते पण वेग पुसट होतो.

माझं मत विचाराल तर कॅमेऱ्याने लांबच राहावं, नि:संशय. आणि पुसट झालेला वेग परत आणायला मोजमाप चित्रावरच लिहावं. हे काही माझ्या डोक्यातलं स्वप्नरंजन नाही. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोला अमेरिका कपच्या शर्यती झाल्या, तेव्हा स्टॅन हनी नावाच्या तंत्रज्ञाच्या मंडळींनी हे करून दाखवलं होतं. प्रत्येक होडीची जागा सेंटिमीटरच्या हिशेबात मोजायची, वर उडणाऱ्या हेलिकॉप्टरची जागा आणि त्याच्या कॅमेऱ्याचा रोखही मोजायचा, आणि मग चालू चित्रात पाण्यावर रेषा, अंतरं, वेग उमटवायचे. घरी बसलेल्या माणसालाही कोण पुढे, कितीने पुढे, हे कळायला लागलं. वेगाच्या विक्रमाला तर याहून कमी पुरेल. सुरुवातीची खूण, शेवटची खूण, दर शंभर मीटरला एक रेष, आणि कोपऱ्यात धावणारं घड्याळ. झालं. आमच्या शाळेच्या मैदानावर फक्कीने आखत होतो, तेच पाण्यावर आखायचं.

मोजमापाशिवाय नुसतं चित्र किती फसवं असतं, याची एक हकिगत सांगते. ती वेगाचीच आहे, आणि दुःखाची आहे.

१९६८ साली ब्रिटनमधल्या एका वर्तमानपत्राने एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत लावली. ती पुरी केली एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने, २२ एप्रिल १९६९ रोजी. त्याची 'सुहैली' ही सागवानी होडी आपल्या मुंबईत बांधलेली, हे सांगताना मला अजून बरं वाटतं. त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा गृहस्थ होता. डिसेंबर १९६८ मध्ये त्याने रेडिओवरून कळवलं की आपण एका दिवसात २४३ सागरी मैल आलो. वर्तमानपत्रांनी विक्रम म्हणून छापलं. प्रत्यक्षात तो अटलांटिकमध्येच रेंगाळत होता आणि खोटी ठिकाणं कळवत होता. जुलै १९६९ मध्ये त्याची होडी रिकामी सापडली. तो कधीच सापडला नाही. त्याने स्वतः लिहिलेल्या वह्यांतूनच सगळं उघडकीला आलं. आणि लक्षात घ्या, त्याच्याजवळ बीबीसीने दिलेला चित्रणाचा कॅमेरा होता! त्याने चित्रणही केलं. पण समुद्र सगळीकडे सारखाच दिसतो. होडी कुठे आहे, किती वेगाने चालली आहे, हे त्या चित्राला सांगता येत नव्हतं. चित्र खरं आणि हकिगत खोटी, असंही होऊ शकतं. (नॉक्स-जॉन्स्टनने आपल्या बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या बायकामुलांना दिले. माणसं अशीही असतात.)

म्हणून म्हणते, आकडा आणि चित्र यांची ताटातूट करू नये.

आता तिसरा मुद्दा, आणि इथे माझा आवाज थोडा चढतो. हल्लीच्या चित्रफितींत कापाकापी किती असते! दोन सेकंद वरून, एक सेकंद बाजूने, मग चालकाचे डोळे, मग पाण्याचे तुषार, मग एकदम हळू केलेलं दृश्य, आणि वरून धाडधाड संगीत. ड्रोनमधून येणाऱ्या चित्राला स्वतःचा आवाज बहुधा नसतोच. असला तरी त्याच्याच पंख्यांची घरघर. म्हणून कुणीतरी संगीत चिकटवतं. परिणाम असा होतो की पंधरा सेकंदांच्या धावेची तीन मिनिटांची फीत होते, आणि त्या तीन मिनिटांत ते सलग पंधरा सेकंद कुठेच नसतात! ज्याच्यासाठी दहा वर्षं घालवली, नेमकं तेच गाळलेलं. एखाद्या गवयाची मैफल म्हणून नुसत्या टाळ्यांचे आवाज ऐकवावेत, तसं हे झालं.

यावर उत्तर तयार असतं: "सलग दाखवलं तर कोण बघेल? कंटाळा येतो लोकांना." आणि या कामाला पैसा प्रायोजकांकडून येतो, त्यांना लोक बघायला हवे असतात, हेही खरं. वेस्टास हे नाव त्या होडीला प्रायोजकाचंच लागलेलं आहे. पवनचक्क्या बनवणारी कंपनी वाऱ्यावरच्या होडीला पैसे देते, यात गैर काहीच नाही. पैसे नसते तर होडीही नसती. पण मी विचारते, पंधरा सेकंद! पंधरा सेकंदांत कंटाळणारा माणूस कुठला आणलात? चाळीस वर्षं वर्गात उभी राहिलेय. मुलं कशाने कंटाळतात ते मला चांगलं ठाऊक आहे. पुढे काय होणार याची उत्सुकता असली की मूल खोडरबरसुद्धा खाली ठेवतं. घड्याळ धावतंय, रेषा मागे पडताहेत, होडी टिकेल की उलटेल हे ठाऊक नाही. याहून जास्त नाट्य कुठलं संगीत देणार आहे? नटवलेली फीत खुशाल करा, पण तिच्या शेजारी सलग, न कापलेली धावही ठेवा. एवढंच मागणं आहे.

आणि फसलेल्या धावाही ठेवा. डिसेंबर २००८ मध्ये पहिल्या 'सेलरॉकेट'ने ५२ नॉटपर्यंत मजल मारली आणि तिचं नाक वर उचललं गेलं. होडी हवेत गेली आणि कोलांटी खाऊन उलटी आपटली. लार्सन त्यातून वाचला. त्या अपघाताचं चित्रण जगभर पाहिलं गेलं. त्याच महिन्यात फ्रान्समध्ये 'हायड्रोप्टेर' नावाची प्रचंड होडी ६० नॉटच्या पलीकडे गेली आणि तीही उलटली. क्षणभर गाठलेला तो वेग विक्रमात धरला गेला नाही, कारण ५०० मीटरची सरासरी हवी. तिने पुन्हा उभं राहून सप्टेंबर २००९ मध्ये ५१.३६ नॉटचा विक्रम केला. पुढच्याच वर्षी नामिबियातल्याच ल्युडेरिट्झला रॉब डग्लस या पतंगवाल्याने, म्हणजे पायाखाली फळी आणि हातात पतंग घेऊन, तो ५५.६५ नॉटवर नेला. आणि मग २०१२. ही सगळी साखळी एकत्र पाहिली की २०१२ च्या त्या पंधरा सेकंदांचं वजन कळतं. कोलांटी गाळून नुसता विजय दाखवला तर पोरांना वाटतं, ही माणसं जन्मतःच वेगळी असतात. एरवी ती आपल्यासारखीच असतात, फक्त पुन्हा पाण्यात उतरतात.

लार्सनचा आकडा दशकाहून जास्त काळ कुणाला मोडता आला नाही. तो मोडायला निघालेल्यांत स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रविद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला 'एसपी ८०' हा प्रकल्प आहे. मोठ्या पतंगाने ओढली जाणारी त्यांची होडी फ्रान्सच्या दक्षिणेला लकात इथे ५० नॉटच्या पलीकडे जाऊन आली आहे. उद्दिष्ट ८० नॉटचं, म्हणजे ताशी १४८ किलोमीटर. ८० नॉटने ५०० मीटर म्हणजे किती? बारा सेकंदांहून किंचित जास्त. या वेगाला पाण्यातलं पातं अशा ताणाखाली असतं की कमी दाबामुळे थंड पाणीही त्याच्याभोवती उकळल्यासारखं वाफेचे बुडबुडे धरतं. त्या होडीत बसणारी माणसं जीव पणाला लावून बसतात. त्यांनी तो पणाला लावला, तर बघणाऱ्यांनी आणि टिपणाऱ्यांनी निदान बारा सेकंद नीट, पुरते, अदबीने लांब उभं राहून टिपावेत.

त्या दिवशी आकाशात जो कोणी कॅमेरा घेऊन असेल, त्याला या सत्तरी ओलांडलेल्या बाईचं एवढंच सांगणं: होडीच्या वाऱ्याला हात लावू नकोस, पक्ष्यांच्या जेवणात जाऊ नकोस, आणि पहिल्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत बटण दाबलेलं ठेव. होडी पोचली तरी आणि उलटली तरी.

असो. बराच लांबला आजचा तास. तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा, विशेषतः ड्रोन उडवणाऱ्या भाचरांनी. मत वेगळं असलं तरी चालेल, फक्त रीत दाखवा!